नाभ्याचे महाराज रिपुदमन सिंग: पदच्युत न करता गादी कशी काढून घेतली, १९२३ चं प्रकरण

बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये कसं घालवलं आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी का सोडली हे आपल्याकडे बऱ्याच जणांनी थोडंफार वाचलेलं असतं, पण या दोन्हींच्या मधला दुवा म्हणता येईल असं प्रकरण पंजाबात घडलं, नाभा नावाच्या एका छोट्या शीख संस्थानात, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. जवाहरलाल नेहरूंना एका संस्थानात बेड्या घालून नेलं होतं इतकं काही जणांना माहीत असतं, तेच हे नाभा. पण ते बेड्या प्रकरण का झालं, त्याच्या आधी काय झालं, आणि ज्या महाराजासाठी एवढा गदारोळ झाला त्याचं पुढे काय झालं, हे सगळं एकत्र लावून बघितलं की इंग्रजांची संस्थानं हाताळायची पद्धत जितकी स्पष्ट दिसते तितकी ती कुठल्या तहात दिसत नाही असं माझं मत आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी नाभा म्हणजे काय ते. पतियाळा, नाभा, जिंद ही तीन संस्थानं मिळून फुलकियां घराणं, सगळे चौधरी फूल या एकाच माणसाचे वंशज, सिद्धू जाट. फूलचा थोरला मुलगा तिलोका, त्याच्या वंशात नाभा आणि जिंद, आणि धाकटा रामा, त्याच्या वंशात पतियाळा. हे लक्षात ठेवा, कारण नाभ्याचं म्हणणं कायम हेच की आम्ही थोरली पाती, मान आमचा आधी, आणि पतियाळा मात्र आकाराने, पैशाने, तोफांच्या सलामीने सगळ्यातच कितीतरी मोठं. दोन राजधान्यांत अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचं. भाऊबंदकी कशी असते ते आपल्याला सांगायला नको. त्यात नाभ्याचा मुलूख सलग नव्हताच, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला, एक तुकडा इथे, मधे पतियाळ्याची गावं, मग परत नाभ्याची गावं, आणि बावलचा तुकडा तर पार आजच्या हरियाणात रेवाडीजवळ, तो १८५७ ला इंग्रजांना मदत केल्याबद्दल झज्जरच्या नवाबाच्या जप्त मुलखातून मिळालेला. अशा नकाशावर रोजची भांडणं होणारच, चोर इकडून तिकडे पळाला, गुरं पकडली, अमक्या गावच्या माणसाला तमक्याच्या पोलिसांनी उचललं.

१८०९ पासून सतलजच्या अलीकडची ही संस्थानं इंग्रजांच्या संरक्षणाखाली होती. रणजित सिंगांनी आपल्याला गिळू नये म्हणून त्यांनी ते संरक्षण स्वतःहून मागितलेलं. संरक्षण म्हणजे काय हे नाभ्याला १८४६ मध्येच कळलं, पहिल्या इंग्रज-शीख युद्धात राजा देविंदर सिंगांचा कल लाहोरकडे दिसला म्हणून त्यांना काढलं, पाव मुलूख कापून घेतला आणि अज्ञान मुलाला गादीवर बसवलं. म्हणजे नाभ्याचा राजा इंग्रजांनी काढण्याची १९२३ ही पहिली वेळ नव्हती. १८४६ ला युद्ध नुकतंच जिंकलेलं होतं, कारण सांगायची गरज नव्हती, १९२३ ला मात्र कायदा, वर्तमानपत्रं, काँग्रेस, गुरुद्वारा चळवळ सगळं होतं, म्हणून पद्धत बदलावी लागली.

मधल्या काळात १८७१ ते १९११ अशी चाळीस वर्षं राजा हिरा सिंग होते, बडरुखांच्या शाखेतून निवडून आणलेले, इंग्रजांशी नीट जमवून राहिलेले, पण शीख धर्माच्या कामात आतून गुंतलेले. भाई काहन सिंग नाभा हा मोठा विद्वान त्यांच्याच दरबारातला. रिपुदमन सिंग त्यांचा मुलगा, जन्म १८८३ चा, आणि काहन सिंग त्याचे शिक्षक. युवराज असतानाच १९०६ ते १९०८ इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलवर होते आणि तिथे त्यांनी शिखांच्या लग्नविधीला कायद्याची मान्यता देणारं आनंद विवाह विधेयक आणलं, ते पुढे १९०९ मध्ये कायदा झालं. कौन्सिलात ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बरोबरीने बसलेले, मालवीय, लजपतराय यांच्याशी जवळीक. संस्थानचा युवराज कौन्सिलात बसून सरकारला अडचणीचे प्रश्न विचारतो हे पोलिटिकल खात्याला, म्हणजे संस्थानांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, पचणारं नव्हतंच, आणि ते त्याच्या फाइलमध्ये कायमचं नोंदलं गेलं असणार.

१९११ च्या डिसेंबरात हिरा सिंग गेले. रिपुदमन सिंग गादीवर आले आणि पहिल्याच दिवसापासून वाजायला लागलं. इंग्रजांचा आग्रह की गादीवर बसवण्याचा विधी आमच्या एजंटच्या हस्ते होणार, यांचं म्हणणं की गादी मला वडिलांकडून आणि गुरूकडून आली, एजंट कोण मला बसवणार. जवळजवळ वर्षभर हा वाद चालला, मग तडजोड झाली. वरवर बघितलं तर हे मानापमानाचं नाटक वाटेल पण तसं नाही, प्रश्न असा होता की राजाला राजा कोण करतो, कारण जो करतो तोच काढूही शकतो. रिपुदमन सिंगांना हे नेमकं कळलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर पोलिटिकल खात्यालाही.

पुढची दहा वर्षं असंच. पहिल्या महायुद्धात पतियाळ्याचे भूपिंदर सिंग पैसे, माणसं, सगळं ओतत होते आणि मानमरातब घेत होते, तर नाभ्याकडून हात आखडता. १९२१ मध्ये नानकाना साहिबला महंताच्या माणसांनी शिखांची कत्तल केली, तेव्हा नाभ्याच्या महाराजांनी शोक म्हणून काळी पगडी बांधली असं सांगतात. गुरुद्वारा सुधारणा चळवळ तेव्हा जोरात होती, महंतांच्या ताब्यातले गुरुद्वारे पंथाच्या ताब्यात घ्यायचे, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी आणि अकाली दल नुकतेच उभे राहिलेले, १९२२ ला गुरू का बागमध्ये अकालींनी हात न उचलता लाठ्या खाल्ल्या आणि सगळ्या देशाने ते बघितलं. अशा वेळी एक शीख महाराजा अकालींना सहानुभूती दाखवतो आणि दुसरा, पतियाळ्याचा, सरकारच्या बाजूने शिखांना शांत ठेवायला बघतो. सरकारला कोण प्यारा असणार ते उघड आहे.

आता या प्रकरणातली अवघड बाजू, जी अकाली बाजूने लिहिणारे पटकन उरकून टाकतात. रिपुदमन सिंग निर्दोष नव्हते. पतियाळ्याशी भांडण त्यांनी स्वतः पेटतं ठेवलं आणि त्यात नाभ्याचे पोलीस आणि नाभ्याची कोर्टं वापरली. पतियाळ्याच्या माणसांवर खोट्या केसेस, साक्षीदार उभे करणं, माणसं उचलून आणणं, असे आरोप पतियाळ्याने सरकारकडे केले, नाभ्यानेही उलट आरोप केले, आणि शेवटी अलाहाबाद हायकोर्टाचे जज्ज लुई स्टुअर्ट यांना चौकशीसाठी नेमलं. १९२३ च्या पहिल्या सहामाहीत अंबाल्याला चौकशी चालली आणि निष्कर्ष मुख्यतः नाभ्याच्या विरोधात गेले. ही चौकशी अगदीच ढोंग होती असं मला वाटत नाही. ज्या गरीब माणसांना या भांडणात खोट्या खटल्यांत अडकवलं त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण हेच निकष पतियाळ्याला लावले असते तर? भूपिंदर सिंगांच्या कारभाराबद्दल १९३० मध्ये देशी राज्य लोकपरिषदेने आरोपांचं अख्खं पुस्तक काढलं, त्यांच्यावरही एक चौकशी झाली, आणि त्यातून ते सहीसलामत बाहेर पडले. दोन सख्ख्या भाऊबंदांची ही तुलनाच सगळं सांगते.

इथे कायद्याचा मुद्दा येतो आणि तोच या केसचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबतो. मल्हाररावांच्या वेळी काय झालं होतं आठवा. रेसिडेंट कर्नल फेयरवर विषप्रयोगाचा आरोप, सहा जणांचं कमिशन, तीन इंग्रज, तीन हिंदी, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव. इंग्रज तिघं म्हणाले दोषी, हिंदी तिघांनी काही दोष सिद्ध धरला नाही, झाली की पंचाईत. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभार या कारणावर काढलं. तेव्हापासून सरकारला माहीत होतं की उघड कमिशन नेमलं आणि त्यात संस्थानिक बसवले तर निकाल हातातला राहत नाही. आणि १९२० च्या ऑक्टोबरमध्ये, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर, सरकारने स्वतःच ठराव करून ठेवला की संस्थानिकाला गादीवरून दूर करायचं झालं तर आधी पाच जणांचं कमिशन नेमायचं, त्यात एक हायकोर्टाच्या जज्जाच्या दर्जाचा आणि दोन सत्ताधारी संस्थानिक. म्हणजे रिपुदमन सिंगांना पदच्युत करायचं तर हे कमिशन आलंच, वकील आले, वर्तमानपत्रं आली, शीख जनमत आलं. स्टुअर्टची चौकशी हे ते कमिशन नव्हतं, ती दोन संस्थानांच्या तंट्याची चौकशी होती.

पण राजाने आपणहून कारभार सोडला तर कमिशनची गरजच नाही.

आणि तसंच झालं. स्टुअर्टचा निकाल आल्यावर रिपुदमन सिंगांना कळवलं गेलं की आता पुढे काय होऊ शकतं. भोवतीच्या सल्लागारांनीही घाबरवलं, सगळं घालवण्यापेक्षा थोडं घालवा. पंजाब संस्थानांचे गव्हर्नर जनरलचे एजंट कर्नल मिंचिन यांच्याशी बोलणी झाली आणि कागदावर विनंती महाराजांचीच, की मी कारभारापासून दूर होतो. अटी अशा की कारभार सरकारकडे, मुलगा वयात आल्यावर गादी औपचारिकपणे त्याच्याकडे, महाराजांनी नाभ्याबाहेर राहायचं, पतियाळ्याला नुकसानभरपाई द्यायची, आणि महाराजांना वर्षाला ३ लाख रुपये. ९ जुलै १९२३ ला मिंचिन फौजफाटा घेऊन नाभ्यात होते आणि महाराजांना मोटारीने डेहराडूनला रवाना केलं गेलं. विल्सन-जॉन्स्टन नावाचा इंग्रज अधिकारी पुढे नाभ्याचा अॅडमिनिस्ट्रेटर झाला. मुलगा प्रताप सिंग तेव्हा चार वर्षांचाही नव्हता.

आता मला सांगा, स्वतःच्या मर्जीने जाणाऱ्या माणसाला न्यायला सैन्य कशाला लागतं?

सरकारची बाजू अशी की पत्र त्यांनीच लिहिलंय, अटी त्यांनीच मान्य केल्यात, आता ओरडायचं काय. आणि ही बाजू तशी खोडून काढायला सोपी नाही, कारण सही खरी होती. नुसतं जबरदस्ती जबरदस्ती म्हणून भागत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. १९२० च्या ठरावाने जो हक्क दिला होता तो वापरू न देणं हाच इथला डाव होता, आणि डाव यशस्वी झाला कारण रिपुदमन सिंग स्वतः कमिशनला घाबरले, आणि घाबरले कारण पतियाळ्याच्या बाबतीत हात खरोखरच बरबटलेले होते. एखाद्या स्वच्छ राजाला हे करणं सरकारला इतकं सोपं गेलं नसतं. तीन वर्षांनी इंदूरला अगदी हेच, मलबार हिलवर बावला खून झाला, मुमताज बेगम प्रकरण, तुकोजीरावांना विचारलं कमिशन हवं की गादी सोडता, त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये मुलासाठी गादी सोडली. तिथेही चौकशी झालीच नाही. नाभ्यात ही वाट मळली म्हणून इंदूरला ती इतकी सरळ सापडली.

सरकारने एका गोष्टीचा हिशोब मात्र चुकवला. त्यांना वाटलं राजा गेला, चार दिवस बोंब होईल, संपेल. पण शिरोमणी कमिटीने हा पंथाचा प्रश्न केला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगना तारा गेल्या, महाराजांना परत गादीवर बसवा म्हणून ठराव झाले, ऑगस्टच्या अखेरीला नाभा संस्थानातल्या जैतो गावी गंगसर गुरुद्वाऱ्यात दिवाण, म्हणजे धार्मिक सभा, भरले. जैतो म्हणजे भटिंडा-कोटकपुरा रेल्वेवरची मंडी, गुरू गोविंद सिंगांशी जोडलेलं ठिकाण. दिवाण भरवणाऱ्यांना पकडलं, मग नवे आले, मग अखंड पाठ सुरू झाला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचन, आणि १४ सप्टेंबर १९२३ ला पोलिसांनी आत शिरून पाठ करणाऱ्यालाच उचललं. सरकारचं म्हणणं की पाठ खंडित झालाच नाही, दुसऱ्या ग्रंथीने लगेच पुढे चालू केला. शिखांना ते पटणं शक्यच नव्हतं. आणि त्या एका दिवसाने सगळं प्रकरणच बदललं, कारण तोवर मागणी होती राजा परत द्या, ज्याबद्दल खुद्द शिखांतही दुमत होतं (पंथाने एका राजाच्या भानगडीत कशाला पडायचं असं म्हणणारे बरेच होते), आणि आता मागणी झाली आम्हाला आमच्या गुरुद्वाऱ्यात पाठ पूर्ण करू द्या, ज्याला कुठलाही शीख नाही म्हणू शकत नव्हता.

याच सुमारास नेहरू आले. दिल्लीला काँग्रेसचं खास अधिवेशन उरकून आचार्य गिडवानी आणि के. संथानम यांच्याबरोबर ते जैतोला बघायला गेले, एका जत्थ्याच्या, म्हणजे अकालींच्या तुकडीच्या, मागोमाग, वेगळे. २१ सप्टेंबरला तिथे हुकूम मिळाला की नाभ्याच्या हद्दीत येऊ नका, आलाच असाल तर ताबडतोब निघा. ते म्हणाले आम्ही आधीच हद्दीत आहोत आणि गाडी काही तासांनी आहे. लगेच अटक. नेहरूंचा उजवा हात संथानमच्या डाव्या हाताला बेडीने बांधला, बेडीला साखळी, साखळी पोलिसाच्या हातात, आणि तसंच जैतोच्या रस्त्यातून चालवत नेलं, मागून गिडवानी तसेच. मग तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून नाभ्याला, रात्रभर बेडी तशीच. दोन माणसं एकमेकांना बांधलेली असली की एकाला कूस बदलायची तर दुसऱ्याला उठावं लागतं, हे नुसतं डोळ्यासमोर आणा. नाभ्याच्या जेलात कोठडी ओली, छत बुटकं, जमीन मातीची, रात्री अंगावरून उंदीर.

खटला तर त्याहून वरताण. हुकूम मोडल्याचा आरोप होताच, वर कटाचाही लावला, पण कटाला तिघं कमी पडतात म्हणून चौथा आणला, एक शीख माणूस, ज्याचा यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. समोर बसलेला न्यायाधीश इतक्या दिवसांत एक ओळ लिहिताना दिसला नाही असं नेहरूंनी आत्मचरित्रात नोंदवलंय. मोतीलाल नेहरू धावत आले तर त्यांनाही अडवाअडवी. विल्सन-जॉन्स्टनकडून निरोप की माफी मागा, नाभा सोडा, खटला मागे घेतो, यांनी नकार दिला. शेवटी दोन्ही आरोप धरून अडीच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच संध्याकाळी जेलमध्ये सांगितलं की शिक्षा स्थगित, निघा, परत येऊ नका. त्या हुकमांची नक्कल मागितली तर दिली नाही. स्टेशनवर नेऊन सोडून दिलं. तिघंही नाभ्याच्या जेलातून ताप घेऊन आले आणि आजारी पडले.

ती न दिलेली नक्कल पुढे कामाला आली, अर्थात सरकारच्या. गिडवानी फेब्रुवारी १९२४ मध्ये परत जैतोला गेले तेव्हा त्यांना पकडून कुठलाही नवा खटला न चालवता जुन्या स्थगित शिक्षेवर नाभ्याच्या जेलात टाकलं, आणि बराच काळ तिथे ठेवलं. नेहरूंना याचं फार लागलं होतं, आपणही जायला हवं होतं असं त्यांना वाटत राहिलं. आधी महाराजाच्या सहीचं पत्र, मग ही स्थगित शिक्षा, दोन्हीकडे तेच तंत्र, कागद तयार करून ठेवायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि वेळ आली की काढायचा. हुकूम कोणत्या कायद्याखाली हे विचारायला तिथे जागाच नव्हती कारण नाभा हे परकं राज्य, ब्रिटिश हिंदुस्थानचं हायकोर्ट तिथे चालत नाही, आणि त्या परक्या राज्याचा कारभारी मात्र ब्रिटिश अधिकारी. इतकी सोयीची व्यवस्था सरकारला लाहोरात किंवा मुंबईत कधी मिळाली नसती.

१२ ऑक्टोबर १९२३ ला शिरोमणी कमिटी आणि अकाली दल दोन्ही बेकायदा ठरवले, नेते उचलले. तरी अमृतसरच्या अकाल तख्तावरून, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावरून, रोज पंचवीस जणांचा जत्था जैतोकडे निघत राहिला, जाऊन अटक करून घ्यायचा, पोलीस लांब कुठेतरी नेऊन सोडायचे. मग ९ फेब्रुवारी १९२४ ला पाचशे जणांचा पहिला शहीदी जत्था अमृतसरहून पायी निघाला. हात उचलायचा नाही ही शपथ अकाल तख्तासमोर घेतलेली. गावोगावी लोक जेवण घेऊन उभे, वाटेत मागे गर्दी वाढत गेली, आणि २१ तारखेला, नानकानाच्या कत्तलीला तीन वर्षं होत असतानाच, जत्था जैतोला टिब्बी साहिबजवळ पोचला. समोर विल्सन-जॉन्स्टन, फौज, तारेचं कुंपण. गोळीबार झाला. मेलेल्यांचा सरकारी आकडा विसाच्या आसपास, अकालींचा त्याच्या कितीतरी पट. सरकार म्हणालं जमावातून आधी गोळी आली. तिथे हजर असलेल्या झिमंड नावाच्या अमेरिकन पत्रकाराने जत्था शांत होता असं लिहिलं. गिडवानी आणि डॉ. सैफुद्दीन किचलू त्याच दिवशी तिथे पकडले गेले.

गांधीजी तेव्हा पुण्यात होते, ससून हॉस्पिटलमध्ये, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर नुकतेच जेलमधून सुटलेले. तिथूनच त्यांनी अकालींना पत्र लिहिलं, सहवेदना कळवली, पण पुढचा जत्था पाठवू नका, आधी नीट विचार करा असा सल्लाही दिला. अकालींनी ऐकलं नाही. २८ फेब्रुवारीला दुसरा पाचशेंचा जत्था निघाला आणि मार्चमध्ये जैतोला शांतपणे अटक झाला. यानंतर जत्थे येतच राहिले, पार कॅनडाहून, शांघायहूनही शीख आले. गांधीजींचा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण मला वाटतं त्या घडीला मागे हटले असते तर गोळीबाराने चळवळ मोडते हा धडा सरकारला मिळाला असता, आणि मग १९२५ चा कायदा इतक्या लवकर आला नसता.

तो कायदा आला. पंजाबचे नवे गव्हर्नर हेली हुशार, त्यांनी गुरुद्वारा कायद्यावर अकालींशी बोलणी केली, जुलै १९२५ मध्ये शीख गुरुद्वारा कायदा पंजाब कौन्सिलने मंजूर केला, गुरुद्वारे निवडून आलेल्या मंडळाकडे गेले, आणि जैतोला पाठाला परवानगी मिळाली. एका खंडित पाठाच्या बदल्यात शिखांनी गंगसरला एकशे एक अखंड पाठ केले, ६ ऑगस्ट १९२५ ला पूर्ण झाले. मोर्चा जिंकला. यातला एक विचित्र भाग मात्र असा की ज्या कायद्याने विजय झाला तो लागू फक्त ब्रिटिश पंजाबात. जैतो संस्थानात, म्हणून ज्या गुरुद्वाऱ्यासाठी माणसं मेली तो गंगसर या कायद्याबाहेरच राहिला, तिथे हा कायदा पोचायला १९५९ उजाडलं.

आणि महाराज? तडजोडीत त्यांचं नावच नव्हतं. गुरुद्वाऱ्यांचा प्रश्न सुटला, राजाचा प्रश्न हळूच बाजूला पडला. अकालींना दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी बसून बघा, हजारो माणसं जेलात, जमिनी आणि पेन्शनी जप्त, नेते लाहोरच्या खटल्यात, त्यातले तेजा सिंग समुंदरी तर १९२६ मध्ये जेलमध्येच वारले. जे मिळत होतं ते पंथाचं कायमचं होतं आणि जे सोडावं लागत होतं ते एका राजाचं सिंहासन. मीही तेच केलं असतं. फक्त त्याचबरोबर हे पण मान्य करायला हवं की त्या दिवसानंतर रिपुदमन सिंगांच्या मागे कोणी संघटना उरली नाही, आणि सरकारने ते नीट टिपलं.

१९२७ मध्ये ते नांदेडला आले, हजूर साहिबला. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. गुरू गोविंद सिंगांच्या शेवटच्या ठिकाणी त्यांनी पुन्हा अमृत घेतलं आणि नाव बदलून गुरचरण सिंग केलं. गादी गेलेला शीख राजा इतक्या लांब दक्षिणेत येऊन नव्याने दीक्षा घेतो, यात भक्ती होती यात मला शंका नाही, पण शिखांना उद्देशून एक निरोपही होता की मी अजून आहे. निदान सरकारने तो तसाच वाचला. अटी मोडल्या, राजद्रोही हालचाली चालू आहेत असं ठरवून फेब्रुवारी १९२८ मध्ये अलाहाबादला त्यांना पकडलं, महाराजा ही पदवी काढली, तनखा कमी केला, आणि १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली थेट कोडाईकनालला स्थानबद्ध केलं. हे रेग्युलेशन म्हणजे आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. याच्याखाली १९०७ मध्ये लजपतरायांना मंडालेला नेलं होतं आणि याचाच मुंबई इलाख्यातला भाऊ, १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन, १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंवर चालवलं होतं. म्हणजे १९२३ ला जे कमिशन टाळलं ते १९२८ ला पण टाळलंच. या सगळ्या प्रकरणात उघड चौकशीत गादीवरून काढावं असा निर्णय कोणीच कधी दिला नाही.

लॉर्ड रीडिंगनी मार्च १९२६ मध्ये निजामाला वऱ्हाडच्या मागणीवरून जे उत्तर पाठवलं त्यात साफ सांगितलं होतं की कुठलाही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही. पोलिटिकल खातं हे नाभ्यात तीन वर्षं आधी करून दाखवून मोकळं झालेलं होतं. आणि बाकीचे संस्थानिक? नरेंद्र मंडळात, म्हणजे संस्थानिकांच्या मंडळात, बसलेल्या राजांपैकी नाभ्यासाठी कोणी ठामपणे उभं राहिलं नाही, पतियाळ्याचे भूपिंदर सिंग तर १९२६ पासून मंडळाचे चान्सलर.

प्रताप सिंगांना सरकारने १९२८ मध्ये महाराजा म्हणून मान्यता दिली, वय आठ, कारभार कौन्सिलकडे, आणि पूर्ण अधिकार मिळाले १९४१ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं नाभा सरकारच्या देखरेखीखाली होतं. वडील डिसेंबर १९४२ मध्ये कोडाईकनालला वारले, तोवर त्यांना पंजाबात परत येऊ दिलं नाही. १९४८ मध्ये नाभा पेप्सूत, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांच्या संघात, विलीन झालं, आणि त्या नव्या राज्याचे राजप्रमुख झाले भूपिंदर सिंगांचे चिरंजीव यादविंदर सिंग. नाभा शहर आज पतियाळा जिल्ह्यात आहे, जैतो फरीदकोट जिल्ह्यात.